रविवारचं ताट

मंगळवार, १४ ऑक्टोबर

नोटीस लागली. सुपरमार्केटच्या कपडे बदलायच्या खोलीत, आरशाच्या शेजारी, म्हणजे केस विंचरताना प्रत्येकीला वाचावीच लागणार. रविवारी आजवर दीडपट मिळायचं. नव्या वर्षापासून साध्या दिवसाचाच पगार, वर मिठाच्या चिमटीएवढं जादा. "बाजारातील बदलती परिस्थिती" वगैरे बरंच लिहिलंय.

मिरेल्लाने ती सगळ्यांना वाचून दाखवली. मिरेल्ला गल्ल्यावर बसते आणि युनियनचं सगळं तीच बघते. चष्मा न लावता वाचली, म्हणजे सकाळपासून पाठच झाली असणार. मांसाच्या काउंटरवरचा फेर्नांदो सुरी पुसत पुसत आला. म्हणाला, "माझ्याकडे रविवारी सासू जेवायला असते. पण मी इथे यायचो तो काय सासूच्या भीतीने? पैशासाठी यायचो बाबांनो." सगळे हसले. मीही हसले. बहुतेक सगळ्यांत मोठ्याने मीच हसले.

मग ठरलं. आम्ही जुने लोक. आमच्या करारात रविवार नाही, कंपनीने विचारायचं आणि आम्ही हो म्हटलं तर यायचं. नव्या पोरींच्या करारातच रविवार लिहिलाय, त्यांची सुटका नाही. तर जुन्यांनी इथून पुढे एकही रविवार द्यायचा नाही. आणि नऊ नोव्हेंबरला, सॅन मार्तीनोच्या सणाआधीच्या रविवारी, जुन्या-नव्या सगळ्यांनी संप करायचा. त्या दिवशी अख्खा गाव नवी वाइन उघडतो आणि भाजायला मांस न्यायला आमच्याकडे येतो. "त्या दिवशी काउंटर बंद म्हणजे कळेल त्यांना," मिरेल्ला म्हणाली.

हात वर करा म्हणाली. मी केला.


रविवार, १९ ऑक्टोबर

आज कामाला गेले. म्हटलं संप तर नऊला आहे. पण जुन्यांतली मी एकटीच होते. हॅम कापायच्या मशीनवर सबंध सकाळ एकटी. नंबरची चिठ्ठी घेऊन माणसं रांगेत, आणि कोणाच्याच तोंडाकडे बघायचं नाही असं मी ठरवलेलं.

जेवायच्या वेळेला आईचा फोन. दर रविवारी येतो. "आजही सोडलं नाही का गं?"

"नाही ना आई. सक्ती आहे."

"मेल्यांना आया नाहीत का," आई म्हणाली. मागे ताटवाट्यांचा आवाज, पोरांचा दंगा. माझं ताट मांडलेलं असणार, खिडकीच्या बाजूला. दर रविवारी मांडते.

सक्ती! माझ्यावर कोणाची सक्ती नाही. दोन वर्षं मी मागून मागून रविवार घेतेय. हे मी इथे पहिल्यांदा लिहितेय. लिहिताना पेन जड झालंय.


बुधवार, २२ ऑक्टोबर

संध्याकाळी आईकडे गेले. बुधवारीच जाते. बाबांना गोळी देऊन आई लवकर निजवते, त्यानंतर पोचेन अशी निघते. आईने रविवारचं जेवण डब्यात राखलेलं. गरम करून वाढलं. मी रविवारचं ताट बुधवारी खाते.

जाताना दाराच्या फटीतून बाबांकडे पाहिलं. झोपलेले. झोपेत चेहरा नीट दिसतो, जवळजवळ पूर्वीचाच.


शनिवार, २५ ऑक्टोबर

लिहूनच टाकते. नाहीतर ही वही कशाला विकत घेतली.

बाबा न्हावी. गावातल्या इतर न्हाव्यांसारखे तेही बॅंडमध्ये, ट्रंपेट वाजवायचे. ग्रामदैवताच्या उत्सवात दिव्यांच्या कमानीखाली, पांढऱ्या कोटात. ट्रंपेटची पेटी मी उचलायची. दादाला कधी दिली नाही, मलाच. "दोनाता माझी मॅनेजर आहे," असं सगळ्यांना सांगायचे. दाढी एक दिवस वाढलेली नाही, कोटावर एक डाग नाही. असा माणूस.

दोन वर्षांपूर्वी झटका आला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली, अर्धा चेहरा ओघळला. दवाखान्यातून घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी मी गेले. आईने त्यांना कोट घालून टेबलापाशी बसवलेलं. दाढी तिने केलेली, गालावर कापलेलं. बाबांनी दादाकडे बघितलं, काही नाही. वहिनीकडे, पोरांकडे, काही नाही. मला बघितलं आणि तोंड वेडंवाकडं झालं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि घशातून एक आवाज निघाला, कुत्रं दारात विव्हळतं तसा. थांबेचना. आई रुमालाने हनुवटी पुसत होती.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले. पुन्हा तेच. मी दारात दिसले की सुरू.

मला वाटलं, मी त्यांना कोटात पाहिलंय. मीच त्यांची मॅनेजर. माझ्यासमोर असं लाळ गाळत बसायची त्यांना लाज वाटते, म्हणून रडतात. आणि खरं सांगायचं तर मलाही लाज वाटत होती. त्यांची. वडिलांची! चमच्यातून सॉस गळला की मी दुसरीकडे बघायची. तिसऱ्या रविवारी मॅनेजरसाहेबांकडे जाऊन मी म्हटलं, मला रविवार द्या.

बस. लिहिलं. बरं वगैरे काही वाटत नाहीये.


रविवार, २ नोव्हेंबर

सकाळी आजीच्या कबरीवर शेवंती ठेवून तशीच कामावर. आज कोणी विचारलंही नाही की तू इथे कशी. ते वाईट लक्षण.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

आईचा फोन, आवाजात नुसता आनंद. गावात केस कापायला गेली होती तिथे कळलं. "रविवारी संप आहे म्हणे! म्हणजे तू येणार. मावशी पण येतेय. मी मांसाच्या गोळ्यांचा सॉस करते, आणि भट्टीतला पास्ता."

सॅन मार्तीनोचं जेवण. सगळे. बाबा कोटात. मी दारात उभी, आणि सगळ्यांसमोर तो आवाज.

तोंडातून निघून गेलं, "आई, संप आहे म्हणजे मला तिथे गेटवर उभं राहावं लागणार. दिवसभर."

आई म्हणाली, "बरोबर आहे. राहायलाच पाहिजे. आम्ही तंबाखूच्या कारखान्यात होतो तेव्हा तिसऱ्या महिन्याचं पोट घेऊन उभी राहिले होते मी. तेव्हा तूच पोटात होतीस." अभिमानाने म्हणाली.

मी फोन ठेवला आणि काउंटरखाली वाकून उगीच चीजचे डबे लावत बसले.

दुपारी साहेबांनी बोलावलं. कारात्तासाहेब म्हणजे आमचे मॅनेजर, वाईट माणूस नाही, पोटाचा त्रास आहे, सारखी गोळी चघळतात. "दोनाता, नऊला तू..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, येते.

"जादाचे पैसे मात्र देता येणार नाहीत. नवीन नियमानेच आत्तापासून धरायचं, असं वरून आलंय."

"चालेल."

त्यांनाच आश्चर्य वाटलं. गोळी चघळायचे थांबले.

घरी बसले असते तर? कोणी ना कोणी आईला सांगितलं असतं, गेटवर नव्हती. गेटवर उभी राहिले असते तर? मिरेल्ला बाराला सगळ्यांना घरी सोडणार, जेवायला जा म्हणणार. तिसरी जागा एकच, काउंटरच्या मागे. तिथे कोणाला शोधायला यायचं सुचणार नाही, असं माझं डोकं चाललं. हुशार बाई.


रविवार, ९ नोव्हेंबर

मालाच्या दाराने आत गेले. सात-आठ जण होतो, बाकी शेजारच्या शहरातून आणलेले, अनोळखी. पुढे काचेच्या दाराबाहेर सगळे उभे, झेंडे, शिट्ट्या, थर्मास. मी मागे काउंटरवर, तिथून ते दिसत नव्हते. मनात म्हटलं, निभावलं.

अकराच्या सुमाराला साहेब म्हणाले, दाराजवळ सॉसेज भाजायचं टेबल लावलंय, तिथे कोणी नाही, तू ये. मी म्हटलं काउंटरवर गर्दी आहे. ते म्हणाले, गर्दी कुठे आहे? नव्हतीच. संपामुळे लोक बाहेरच्या बाहेर परतत होते.

तर मी काचेच्या आत, एप्रन घालून, चिमट्याने सॉसेज उलटतेय. चार हातांवर, काचेच्या बाहेर, मिरेल्ला. तिने मला बघितलं. शिट्टी तोंडात होती, ती तिने काढून हातात घेतली. तेवढंच. सामुएला पण होती, नवी पोर, दूध-दह्याच्या विभागातली, तिने पाठ फिरवली. फेर्नांदो मात्र बघतच राहिला.

आणि मग दादाची गाडी आली.

आई उतरली. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली भट्टीतल्या पास्त्याची परात. दादाने मागून चाकांची खुर्ची काढली, बाबांना बसवलं. कोट, मफलर, टोपी. म्हणजे मी गेटवर उभी आहे तर जेवणच गेटवर घेऊन आली होती! मिरेल्लाला परात दिली, फेर्नांदोला मिठी मारली, सगळ्यांना काहीतरी सांगत होती. तोंड दिसत होतं, आवाज येत नव्हता. तंबाखूच्या कारखान्याचं सांगत असणार. मग इकडे तिकडे बघायला लागली. मला शोधत होती.

मी टेबलाखाली बसू शकले असते. खरं तर गुडघे वाकलेही. पण सॉसेज जळायला लागलं आणि मी उलटायला उभी राहिले, अशी मी.

आधी बाबांनी पाहिलं. खुर्ची दाराच्या समोरच होती. काचेतून सरळ माझ्याकडे. तोंड वेडंवाकडं झालं, अंग हलायला लागलं, डोळे भरले. आवाज येत नव्हता, पण मला ऐकू आला. आईने ते कुठे बघतायत म्हणून मान वळवली.

तिने हात वर केला होता, हाक मारायला. तो हळूच खाली आला. झेंड्यांच्या बाजूला सगळे आणि काचेच्या बाजूला मी, एप्रन घालून. ती आयुष्यभर ज्या बाजूला उभी राहिली ती बाजू कुठली, हे मला माहीत आहे.

मी चिमटा टाकला आणि आत गेले. फ्रीजच्या खोलीत जाऊन उभी राहिले, थंडी वाजेपर्यंत.

दुपारी मालाच्या दाराशी कोणीतरी हाक मारली. फेर्नांदो. उंबऱ्याच्या बाहेर उभा, हातात झाकलेली ताटली. "मी आत येणार नाही. तू बाहेर ये." गेले. "तुझ्या आईने दिलंय. भुकेली असशील म्हणाली."

मी ताटली घेतली. कोमट होती.

"किती देतायत गं तुला?"

"जास्तीचे काही नाही."

"खोटं बोलू नकोस."

"खरंच नाही. मी फुकटही आले असते, फेर्नांदो."

तो म्हणाला, "पैशासाठी आली असतीस तर मी समजून घेतलं असतं."


सोमवार, १० नोव्हेंबर

कोणी बोलत नाही. कपडे बदलायच्या खोलीत मी गेले की आरसा मोकळा होतो.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

आईचा फोन. मी दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला.

ओरडली नाही. ओरडली असती तर! म्हणाली, "दादाने मिरेल्लाला विचारलं. जुन्यांवर रविवारची सक्ती कधीच नव्हती म्हणे. तुझी तूच मागून घेत होतीस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दोन वर्षं मी त्या मॅनेजरला शिव्या घालतेय, दोनाता. दर रविवारी. चर्चमध्ये गुडघ्यावर बसून घालतेय. पाद्रीबाबांना सांगितलं, ह्या माणसाला देव शिक्षा का करत नाही. आता त्याची माफी मागायला जाऊ का मी?"

ऐकताना हसू आलं आणि तेवढ्यात रडू. साहेबांच्या पोटाचा त्रास आईच्या शिव्यांनीच झाला की काय!

"यायचं नव्हतं तर सांगायचंस," आई म्हणाली. "मी काय तुझ्या पाया पडले असते?"

"थकते गं आई."

"बरं. एवढंच सांग, तुझं ताट मांडत जाऊ की नको? मावशी विचारत होती, हे कुणाचं."

बाबा मला बघून रडतात म्हणून येत नाही, हे तिला कसं सांगू? चमचा चमचा भरवणाऱ्या बाईला मी सांगू, की मला बघवत नाही?

"विचार कर," म्हणाली आणि ठेवला. ती नेहमी मी ठेवायची वाट बघते.


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

साहेबांनी बोलावून आभार मानले. त्यांनी वर कळवलंय म्हणे, की जादाचे पैसे न देताही अनुभवी माणसं रविवारी आनंदाने येतात, उदाहरण म्हणून माझं नाव दिलंय. "आनंदाने" हा शब्द त्यांचा. शाबासकी दिल्यासारखं सांगत होते. मी म्हटलं, साहेब, माझं नाव काढा. ते म्हणाले, अगं, गेलं ते पत्र.

बाहेर सामुएला दह्याचे डबे लावत होती. मला बघून उभी राहिली.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला रविवार नको म्हणायची सोय आहे. मला नाही. माझ्या पोरीला रविवारी शेजारीण सांभाळते, ते मी त्या जादाच्या पैशातूनच तिला देते. ते गेल्यावर मी काय करू? इथे घेऊन येऊ पोरीला?" चिडून नाही, खरंच विचारत होती. "तुम्ही फुकट आलात असं फेर्नांदो म्हणाला. मग आम्ही कुठल्या तोंडाने पैसे मागायचे?"

मी तिच्या हातातला डबा घेऊन फळीवर ठेवला. तोही चुकीच्या फळीवर. तिने तो परत काढला.

मी एका जेवणाला घाबरले, म्हणून तिच्या पोरीला सांभाळणारी बाई जाणार. एवढी सरळ गोष्ट आहे. कुठूनही फिरवून बघितली तरी हीच दिसते.


रविवार, १६ नोव्हेंबर

दुकानात गेले नाही. आईकडेही गेले नाही. अंथरुणात. दुपारचा फोन आला नाही.


बुधवार, १९ नोव्हेंबर

आईकडे गेले, नेहमीच्या वेळेला. बाबा झोपलेले. डब्यात काही राखलेलं नव्हतं. आईने अंडं करून दिलं. आम्ही दोघी टीव्ही बघत बसलो.


मंगळवार, २५ नोव्हेंबर

तीस तारखेला पुन्हा संप. मिरेल्ला गल्ला बंद करत होती तेव्हा तिच्यापाशी गेले. मनात एवढं मोठं भाषण तयार केलेलं. बाबा, कोट, तो आवाज, सगळं सांगणार होते.

"मिरेल्ला, मला..."

"उभी राहायचं असेल तर राहा," ती नाणी गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "भाषण नको."

मग साहेबांकडे गेले आणि सांगितलं, मी येणार नाही, ह्या रविवारी नाही आणि पुढच्या कुठल्याच रविवारी नाही. हॅम कोण कापणार, म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही कापा.

आईला फोन केला. "मांड," एवढंच म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि लगेच वहिनीशी दुसरंच काहीतरी बोलायला लागली, फोन तसाच चालू ठेवून.


रविवार, ३० नोव्हेंबर, गाडीत

आईच्या घरासमोर. उतरवत नाही म्हणून लिहितेय.

सकाळी गेटवर होते. कडेला, झेंड्याशिवाय. कोणी हाकललं नाही, कोणी जवळही आलं नाही. सामुएलाने थर्मासचं झाकण पुढे केलं, कॉफी अर्धी होती. आत हॅमच्या काउंटरवर दिवा बंद. दोन वर्षांत रविवारी तो बंद मी पहिल्यांदाच पाहिला. मिळेल काही? माहीत नाही. ते पत्र वर आहेच, माझ्या नावाचं.

बाराला मिरेल्ला सगळ्यांना म्हणाली, जा, जेवा. माझ्याकडे बघून पण म्हणाली.

पडद्याआडून कोणीतरी बघतंय. गाडी ओळखली असणार. मी आत जाणार, ते रडणार, आणि मी बसणार. मान वळवायची नाही. एवढंच ठरवलंय.


त्याच दिवशी, संध्याकाळी

गेले. दारात दिसले आणि सुरू झालं. तोंड वाकडं, डोळ्यांत पाणी, तो आवाज. मी खिडकीशी माझ्या ताटावर बसले आणि बघत राहिले, ठरवल्याप्रमाणे.

मग दादाने गोष्ट काढली. बाबांचीच, ते तीस वर्षं दर रविवारी सांगायचे ती. उत्सवात बॅंड ऐन रंगात आलेला, आणि मोठा ढोलवाला मागे सरकता सरकता ढोलासकट मंचावरून खाली, पाद्रीबाबांच्या मांडीवर. आता त्यांच्याऐवजी दादा सांगतो. ढोलवाला पडला आणि बाबांचं तोंड वाकडं झालं, अंग गदगदायला लागलं, डोळ्यांतून धारा, घशातून तोच आवाज. अगदी तोच. पोरं टेबलावर हात आपटून त्यांच्यासोबत खिदळायला लागली.

आई रुमालाने त्यांची हनुवटी पुसत म्हणाली, "अहो, पुरे आता. हसून हसून ठसका लागेल."

मी विचारलं, "हे हसणं आहे?"

"मग?" आई म्हणाली. "तुला काय वाटलं होतं?"

मी म्हटलं, काही नाही. वाढ.